अंधार पडल्यावर सोडू नये

१२ जानेवारी

चि. गोटीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेते. तुझी पाठ कशी आहे? खुर्ची बदलून मागितलीस का, की सरकारी खुर्ची म्हणून मुकाट सोसते आहेस? जावईबापूंचा खोकला गेला का? ते औषध घेतात, की बाटली नुसती हलवून परत ठेवतात? पिल्लूचे पुढचे दात आले असतील आता. ताईचे गुडघे काय म्हणतात? तिला सांग, धाकट्या बहिणीचा हुकूम आहे, जिना दिवसातून एकदाच. आणि तुमच्या म्हाताऱ्या मांजराच्या डोळ्यात थेंब घालायचं काम सध्या कोणाकडे आहे? ज्याच्याकडे असेल त्याच्या ओरखडलेल्या हातांना माझा नमस्कार.

आम्ही दोघं ठीक. तुझ्या काकांना कमी ऐकू येतं, पण ते फक्त मी बोलते तेव्हा.

मी एक दिवसाआड समोरच्या तुरुंगात बायकांना शिवण शिकवायला जाते, हे तुला ठाऊक आहेच. मी स्वतः जुनी झबली उसवून उसवून शिकलेली बाई, आणि आता मास्तरीण म्हणून मिरवते. पण मला खरं सांगायचंय ते बाहेरचं. आमच्या ओट्यावरून तुरुंगाचं दार दिसतं. कोर्टातून सुटकेचे कागद येतात ते दाराशी लावलेल्या लोखंडी पेटीत पडतात. कोर्ट उठल्यावर पेटी उघडायची, नावं ताडून बघायची, मग कैद्यांची संध्याकाळची मोजणी जुळायची, आणि मग छोटं दार उघडून बाईला बाहेर सोडायचं. कोणी मुद्दाम करत नाही गं, पद्धतच तशी पडलीये. पण तोवर दिवे लागलेले असतात आणि शेवटची बस गेलेली असते. बाई हातात बोचकं घेऊन खांबाखाली उभी. मी हाक मारते, ती घरात येते, चहा घेते, सकाळी जाते. माझं भाग्यच म्हणायचं, की परक्या घरात त्या विश्वासाने झोपतात.

पण परवा एक पोरगी उभी होती, तिने माझी हाक ऐकून उलट पाऊल मागे घेतलं. आणि एक मोटारसायकलवाला तिच्याभोवती घिरट्या घालत होता. तुझे काका काठी घेऊन उतरले तेव्हा तो गेला. मी मात्र पोरगी पहिल्या बसने जाईपर्यंत ओट्यावरून हलले नाही.

तू कायदे करतात त्या खात्यात आहेस. एक ओळ घाल ना त्यात. ‘बायकांना अंधार पडल्यावर सोडू नये.’ एवढीच.

आणि दुसरी एक मागणी, आता मागायलाच बसले आहे म्हणून. माझ्या वर्गात एक बाई आहे, तिला सगळ्या काजवाली म्हणतात. सदऱ्याची काजं अशी करते की उलटसुलट कळत नाही. जिथे घरकामाला होती तिथले दागिने गेले आणि आळ हिच्यावर आला. खटला काही उभा राहत नाही. कोर्टाने जामीन दिलाय, पण जामीन राहायला माणूस नाही, म्हणून ही आतच. लेक लहान म्हणून आईपाशीच आहे. माझ्या पायाशी बसून बटणं रंगांप्रमाणे वेगळी लावते, आणि मी चुकीचं बटण उचललं की मला ओरडते. सहा वर्षांची झाली की तिला बालगृहात पाठवतील. अशा बायकांसाठी तुमच्याकडे काही आहे का?

तुझी,
मावशी


३ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. नमस्कार.

पाठ ठीक. खुर्चीचा अर्ज मंजूर झालाय, खुर्ची अजून नाही. खोकला गेला, दात आले, आई जिना दोनदाच चढते असं सांगते, म्हणजे चार वेळा समज. थेंब मीच घालते, नमस्कार पोचला.

मावशी, तुला वाटतं मी इथे बसून बटण दाबते आणि तिकडे दार उघडतं. तसं असतं तर काय हवं होतं! जामीन कोणाला द्यायचा, कसा द्यायचा, हे केंद्राच्या कायद्यात येतं. पण तुरुंग राज्याचे. दार कधी उघडायचं आणि किल्ली कोणाकडे, ते राज्य ठरवतं. आम्ही फार तर नमुना पाठवतो, त्याला आदर्श नियम म्हणतात. तू वर्गात कागद कापून देतेस ना, तसं. कापड त्यांचं, कात्री त्यांची, शिवायचं की नाही तेही त्यांनीच ठरवायचं.

तुझ्या काजवालीसाठी मात्र खरंच काही आहे. जामीन मिळूनही जामीनदाराअभावी जे आत अडकलेत त्यांना त्यांच्या स्वतःच्या हमीवर सोडावं, असं एक कलम सध्या आमच्या टेबलावर आहे. ते पुढे गेलं तर तिच्यासारख्या कितीतरी सुटतील.

तुझी ओळ मी बैठकीत मांडली. मोठे साहेब म्हणाले, “ही सूचना कोणाकडून आली?”
मी म्हटलं, “मावशीकडून.”
“कुठल्या समितीवर आहेत त्या?”
“समितीवर नाहीत साहेब, ओट्यावर आहेत.”
सगळे हसले, साहेबही. पण मग त्यांनी तुझ्या पत्राचा तेवढा भाग वाचायला मागितला आणि वाचून झाल्यावर कोणी हसलं नाही. नमुन्यात आता दोन गोष्टी आहेत. बायकांना अंधार पडल्यावर बाहेर काढू नये. आणि ज्यांना लगेच जाता येत नाही त्यांच्यासाठी दाराबाहेर एक खोली असावी, आत फोन असावा. तुझी ओळ मी तुझ्याच शब्दांत ठेवली.

काकांना सांग, काठी जपून. त्यांचा रक्तदाब आता काठी उगारण्याचा नाही.

तुझी,
गोटी


२० ऑगस्ट

चि. गोटीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे असालच. आईचा आवाज परवा फोनवर जरा बसलेला वाटला, कोमट पाणी घेते ना?

अगं, वर्तमानपत्रात तुमचा कायदा आला! मी मोठ्याने वाचून दाखवला तर तुझ्या काकांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं. मी कात्रण घेऊन वर्गात गेले आणि सगळ्यांना सांगून टाकलं, आता तुम्ही सुटणार. बायकांनी टाळ्या पिटल्या. बाहेर पडताना दारावरच्या शिपायाला म्हटलं, “काय, आता कधी सोडताय?” तो म्हणाला, “मावशी, पेपरात येतं ते पेपरात. वरून कागद यायला हवा.”

“वरून म्हणजे किती वरून?”

त्याने आधी अधीक्षकबाईंच्या खोलीकडे बोट केलं, मग आणखी वर, आणि मग छताकडेच बघत राहिला.

मी उगाच आशा लावली का गं? बायका आता रोज विचारतात. अधीक्षकबाई मला रागावल्या नाहीत, ही त्यांची कृपा. उलट त्यांनी काजवालीचा अर्ज स्वतः लिहून घेतला आणि म्हणाल्या, कागद आला की पहिला हाच पाठवू.

लेकीला सहा पुरी झाली. तिला गावातल्या बालगृहात नेलं. जाताना रडली नाही, आईच रडली. ते बालगृह माझ्या घरापासून चालत जाण्याजोगं आहे, हे केवढं बरं! मी दर रविवारी जाते. ती मला विचारते, “बटणं नीट लावताय ना?” मी म्हणते, “तुझ्यासारखी नाही.” त्यावर म्हणते, “मला माहितीच होतं.”

लवकर कळव काय ते. आणि तुझ्या मोठ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. माझं अक्षर वाचलं म्हणजे माणूस चिवट आहे.

तुझी,
मावशी


९ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. नमस्कार.

सगळे छान. आई कोमट पाणी घेते आणि मला दोष देते.

घाईत लिहिते, पण आनंदाने. तुमच्या राज्याने कायद्याखालचे नियम काढले. हमीवर सुटकेचे अर्ज आता कोर्टात भराभर लागतील. आणि मावशी, तुझी ओळही राज्याने घेतली! सगळ्या राज्यांत पहिल्यांदा तुमच्याच. अधिसूचनेत ती वाचली तेव्हा मी टेबलाशी उभी राहिले. शेजारचा म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, माझी मावशी छापून आली.

काजवालीचं काय झालं ते लगेच कळव.

तुझी,
गोटी


२८ नोव्हेंबर

चि. गोटीस अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? खुर्ची आली का? जावईबापूंनी थंडीत सकाळचं फिरणं बंद ठेवावं. पिल्लूला हल्ली भूक लागते का? ताईला रात्रीची झोप लागते का? मांजराचा डोळा कसा आहे, आणि दुसरा डोळा कसा आहे? तुमच्या शेजारच्या बाईंचं हाड जुळलं का? मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण तू लिहिलं होतंस म्हणून सारखं मनात येतं.

तुमच्या नियमाने फार चांगलं झालं. संध्याकाळी खांबाखाली आता कोणी नसतं. बायका सकाळच्या उजेडात निघतात, बस मिळते, दोघी-तिघी मिळून जातात. तुझे आणि तुझ्या साहेबांचे किती उपकार मानू?

काजवाली सुटली. थोडं लांबलं, पण सुटली. सध्या माझ्याकडेच राहते. नाक्यावरच्या शिंप्याने तिला काजं करायला घेतलंय. शांत असते.

बाकी सगळं ठीक. तू कामात असशील, उत्तराची घाई करू नकोस.

तुझी,
मावशी


६ डिसेंबर

ती. मावशीस सा. नमस्कार.

सगळे बरे. शेजारच्या बाईंचं हाडही जुळलं. आता तू खरं सांग.

तू मला उत्तराची घाई करू नकोस म्हणालीस. जन्मात कधी म्हणाली नव्हतीस. मांजराच्या दोन्ही डोळ्यांची चौकशी केलीस आणि त्या लेकीबद्दल एक अक्षर नाही. जिच्याकडे तू दर रविवारी जातेस, तिची आई सुटली तर पत्र तिच्यावरूनच सुरू व्हायला हवं होतं. ‘थोडं लांबलं’ म्हणजे काय?

माझ्यापासून लपवू नकोस, मावशी. नियम नुसता छापून संपत नाही, तो दाराशी पोचल्यावर काय करतो ते इथे कोणालाच दिसत नाही. मला तुझ्या ओट्यावरून दिसतं, तेवढंच.

तुझी,
गोटी


१४ डिसेंबर

चि. गोटीस अनेक आशीर्वाद.

पकडलंस. तुझ्या आईलाही मी लहानपणी कधी फसवू शकले नाही, तू तर तिचीच लेक.

तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं नव्हतं. ऐक आता.

लेकीला दूरच्या जिल्ह्यातल्या मोठ्या बालगृहात पाठवायचं ठरलं होतं. इथे मुलांना तात्पुरतंच ठेवतात म्हणे. शनिवारी सकाळी गाडी निघणार होती. आणि शुक्रवारी कोर्टाने काजवालीला हमीवर सोडायचा आदेश दिला. तुमच्याच कायद्याने. मला इतका आनंद झाला, की मी बालगृहात निरोप ठेवला, आई आज येते आहे, मुलीचं सामान बांधून ठेवा. पोरीने स्वतःच पिशवी भरली आणि दारात जाऊन बसली.

कोर्टाचा शिपाई कागद घेऊन आला तेव्हा मी ओट्यावरच होते. धावत दाराशी गेले. आतला शिपाई म्हणाला, “मावशी, पेटी उघडून झाली. आता उद्या.”

“अरे, पण अजून ऊन आहे!”

खरंच ऊन होतं गं. तुरुंगाच्या भिंतीवर स्वच्छ पिवळं ऊन होतं. अधीक्षकबाई बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, “बाई, नवीन नियम आहे. अंधार पडल्यावर बायकांना सोडायचं नाही. कागद उशिरा आले की तपासणी होईपर्यंत अंधार पडतो. म्हणून सगळ्याच तुरुंगांनी पेटीची वेळ दुपारची केलीये. मी आज सोडलं आणि वाटेत काही झालं, तर नियम मोडून सोडलं असं होईल.”

मी म्हटलं, “बाहेर मी उभी आहे ना! माझ्याकडे पाठवा.”

“तुम्ही आहात हे मला माहीत आहे. नियमाला माहीत नाही.”

त्यांचे डोळे भरले होते, मी त्यांना बोल लावणार नाही. त्यांनी बालगृहाला फोन केला. तिकडून उत्तर, आई समोर आल्याशिवाय मूल देता येत नाही आणि गाडी थांबवायचा अधिकार आम्हाला नाही. सकाळी गाडी गेली. त्यानंतर मोजणी जुळली आणि काजवाली बाहेर आली.

मी तिला काय सांगू? पण न सांगून कसं चालेल? ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, तो नियम माझ्या पत्रातून गेला. मीच मागितला होता. तिने हातातलं बोचकं खाली ठेवलं. मग म्हणाली, “मावशी, तुम्ही आमची एवढी काळजी केलीत. पण कधी विचारलंत का, मला अंधाराची भीती वाटते का? मला आत आणलं तेव्हाही अंधारच होता. मी धावत गेले असते.”

एवढंच म्हणाली आणि उठून माझ्या घरात आली. दुसरीकडे कुठे नाही गेली. माझ्यावर रागावून माझ्याच घरात राहिली, गोटी. याहून कोणी मला काय द्यावं?

आता मुलगी परत मिळायला तिकडच्या समितीची परवानगी हवी. इकडचे कागद तिकडे जायचे, घर बघायला माणूस यायचा. घर म्हणजे माझंच. मी पडदे धुऊन ठेवलेत.

तू मनाला लावून घेऊ नकोस. ओळ माझी होती.

तुझी,
मावशी


४ जानेवारी

ती. मावशीस सा. नमस्कार.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं, मग गॅलरीत जाऊन पुन्हा वाचलं. ओळ तुझी होती, पण ती तशीच्या तशी पुढे ढकलणारी मी होते. मला वाटलं होतं, तुझे शब्द तसेच ठेवले म्हणजे तुझा मान राखला. बायकांना काय हवंय, ते विचारायचं मलाही सुचलं नाही.

मग काय कसं घडलं ते शोधून काढलं. आम्ही दोन गोष्टी लिहिल्या होत्या, आठवतं? अंधारात काढू नये, आणि दाराबाहेर खोली असावी. खोली बांधायला राज्याला खर्च येतो. ‘सोडू नये’ याला काहीच लागत नाही. म्हणून राज्याने फुकटातली गोष्ट लगेच घेतली आणि खोली ‘निधी मिळाल्यावर’ म्हणून पुढे सारली. मग तुरुंगांना भीती, अंधार नेमका कधी पडला म्हणायचं? म्हणून त्यांनी वेळ आणखी अलीकडे ओढली. प्रत्येकाने आपापल्या पायरीवर थोडी जास्त काळजी घेतली, आणि खाली पोचेपर्यंत त्या काळजीचं कुलूप झालं. वाईट कोणीच वागलं नाही. मला याचाच जास्त त्रास झाला. रागवायला कोणी सापडेना.

मी बैठकीत काजवालीचं वाक्य वाचून दाखवलं. नाव नाही सांगितलं. साहेब म्हणाले, “आपण विचारलंच नाही खरं.” दुसऱ्या एका राज्यातून आलेली अधिकारी होती, ती म्हणाली, आमच्याकडे पूर्वीपासून बाईलाच विचारतात. आज निघायचंय की सकाळी, कोणी न्यायला येणार आहे का. ती सांगेल तसं. मी म्हटलं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? म्हणाली, “आम्हाला कोणी विचारलं नाही.” घे, तिथेही तेच!

नमुना आता बदलतोय. पण आमचा नमुना बदलून सगळ्या राज्यांकडे जाईपर्यंत बराच काळ जाईल. गंमत म्हणजे तुमचं राज्य आमच्या पुढे गेलं. तुमच्या अधीक्षकबाईंनी त्या शुक्रवारचं सगळं लिहून गृहखात्याला पाठवलं होतं. स्वतःचीच तक्रार केल्यासारखं. गृहखात्याने गेल्या आठवड्यात परिपत्रक काढलं: बाईची इच्छा विचारावी, तिला जायचं असेल तर अडवू नये, पेटी संध्याकाळपर्यंत उघडत राहावी. खोलीसाठी निधीही धरलाय. मी केंद्रात बसून जे वर्षात करते ते त्या बाईंनी एका पत्रात केलं. त्यांना माझा नमस्कार सांग, मनापासून.

काजवालीला मी पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. माफी मागावी तर ती मिळाल्याने बरं मलाच वाटेल. तिला तिची मुलगी हवी आहे. समितीकडून काय कळलं?

सगळे बरे आहेत, तू आधी एवढंच सांग.

तुझी,
गोटी


२ मार्च

चि. गोटीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे आहात हे फोनवर कळलंच, म्हणून आज चौकशी नाही. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी फोनवर मुद्दाम सांगितली नाही. ती पत्रातलीच आहे.

समितीची बाई घर बघून गेली. तुझ्या काकांना तिने विचारलं, “मूल इथे राहिलं तर तुमची हरकत?” काका म्हणाले, “आवाज मोठा असेल तर बरंच.” ती हसली आणि सही केली.

आम्ही दोघी बसने गेलो. अधीक्षकबाई रजा काढून सोबत आल्या, साध्या कपड्यांत. मी ओळखलंच नाही आधी. वाटेत काजवाली आणि त्या एका बाकावर बसल्या होत्या.  मग काजवालीने त्यांच्या बाहीचं सैल झालेलं बटण बघितलं, पिशवीतून सुई काढली आणि चालत्या बसमध्ये लावून दिलं. त्या म्हणाल्या, “मी तुला थांबवलं होतं.” ती दाताने दोरा तोडत म्हणाली, “हात हलवू नका, टोचेल.” पुढे दोघी शहर येईपर्यंत बोलत होत्या. कशाबद्दल ते मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण घराचं भाडं, शाळा, असलंच साधं.

मोठं बालगृह स्वच्छ आहे गं. भिंतींना नवा रंग, अंगणात झोके. तिथल्या बाईंनी मुलीला केसांची उंच वेणी घालून आणलं. ती दारात थांबली. आईने हात पुढे केले तरी आली नाही. काजवालीचे हात तसेच राहिले.

मुलगी म्हणाली, “मी पिशवी भरून बसले होते. तू त्या दिवशी आली नाहीस.”

काजवालीने वळून माझ्याकडे बघितलं. अधीक्षकबाई पुढे झाल्या. पण मीच खाली बसले. गुडघे काय वाजले माझे, सगळ्यांना ऐकू आले असतील. मी म्हटलं, “बाळ, तुझी आई निघाली होती. दार मी बंद करायला लावलं होतं.”

“का?”

“मला वाटलं, अंधारात तिला भीती वाटेल.”

पोरगी आईकडे बघू लागली. “तुला वाटते?”

काजवालीने मान हलवली, नाही.

“मग मावशीने तुला विचारायचं ना,” ती म्हणाली. अगदी तिच्या आईसारखीच.

“हो गं. चुकलं माझं.”

तिने थोडा विचार केला. बटण कुठल्या रंगात घालायचं ते ठरवताना करायची तसा. मग आपली पिशवी उचलून माझ्या हातात दिली. “मग ही तुम्ही धरायची. घरापर्यंत.” आणि आईच्या गळ्यात जाऊन पडली.

जड होती गं पिशवी. आत काय भरलं होतं देव जाणे. बसमध्ये अधीक्षकबाई म्हणाल्या, द्या मी घेते. मागून आवाज आला, “नाही. मावशीच धरणार.” काजवाली खिडकीकडे तोंड करून हसत होती, मला दिसू नये म्हणून. पण काचेत दिसलंच. तुरुंगात शिवण शिकवायला मी पहिल्यांदा गेले तेव्हापासून आजवर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

बसमधून उतरलो तेव्हा दिवे लागले होते. पोरगी आईचं बोट धरून पुढे, मी मागून पिशवी घेऊन, आणि दोघी मला लवकर चला म्हणून ओरडत होत्या. तुझे काका दारात उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलं.

गोटी, तू आहेस म्हणून मी मनातलं एवढ्या लांब पाठवू शकते, आणि चुकलं तर परत मागवूही शकते. तुझ्या साहेबांना सांग, त्या दुसऱ्या राज्यातल्या बाईंनाही सांग, आणि ती खुर्ची आली असेल तर तीत नीट बसून सांग. पोरगी शेजारी बसून विचारते आहे की कोणाला एवढं लिहिताय. मी म्हटलं, माझ्या भाचीला. ती म्हणते, त्यांना विचारा त्या कधी येणार, आपणच ठरवू नका.

म्हणून विचारते. कधी येतेस? उत्तर लगेच टाक, मी ओट्यावर वाट बघते आहे.

तुझी,
मावशी